आज मी आप्पांशी खोटं बोलले

मंडळी, कुंभकोणमला आमचं पितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. भांड्याला कुठे चीर बुजवायला डाग दिलेला असला, की आप्पा आधी तोच गिऱ्हाइकाला दाखवायचे. घरातही खोटं चालायचं नाही.

हल्ली आप्पांच्या काही लक्षात राहत नाही. "तुझी अम्मा कोठे गेली?" रोज विचारतात. ती वारली, हे मी खरं सांगते आणि ते रोज पहिल्यांदाच ऐकल्यासारखे रडतात.

आज सकाळी मला सांगवेना. म्हटलं, "साक्कोट्टैच्या देवळात गेली आहे."

आप्पा हसले. हातातली कॉफी त्यांनी झाकून ठेवली. "येऊ दे तिला. मग दोघं मिळून पिऊ."

संध्याकाळ झाली. आप्पा अजून दाराशी बसलेत, कॉफीला हात लावू देत नाहीत. आता त्यांना काय सांगू?