ऑक्सिजनची खाट

माझ्या हातून पाणी प्यायली म्हणून तिनं चूळ भरली. परत परत. माझ्या डोळ्यांदेखत. बेसिनपर्यंत जायची ताकद नव्हती, खाटेखालच्या भांड्यातच थुंकली.

स्वाइन फ्लूचं साल. चेन्नईच्या सरकारी रुग्णालयात आम्ही शेजारीशेजारी. मी एग्मोरच्या रेल्वे ऑफिसातली कारकून, ती बँकेतल्या मोठ्या साहेबाची आई. दोघींना तोच ताप. तोच बरगड्या मोडणारा खोकला. थुंकीत तसंच रक्त. जुलाबाची घाणही सारखीच.

भेटायला कुणाला आत सोडत नव्हते. सगळा वॉर्ड तमिळ. तिचं मराठी ऐकून मी हरखले होते. त्या सकाळी तिला ठसका लागला, तेव्हा माझ्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क सारून मीच तिला पाणी पाजलं.

"देव तुझं भलं करो," ती म्हणाली. धाप ओसरल्यावर विचारलं, "गाव कुठलं गं?"

सांगितलं.

"आडनाव?"

तेही सांगितलं.

"गावात घर कुठं?"

"बौद्धवाड्यात."

मग ती चूळ. मग मुलाला फोन. "हिला इथून हलव. मला शिसारी येते."

शिसारी हिला! हिच्या खोकल्याचे शिंतोडे माझ्या चादरीवर.

थोड्या वेळानं सिस्टर आली. मोठ्या डॉक्टरांचा निरोप होता. "अम्मा, त्या कोपऱ्यातल्या बेडवर जा. कोंजम... थोडं ॲडजस्ट करा."

कोपऱ्यात ऑक्सिजन नव्हता. मास्क काढला की माझे ओठ निळे पडत. हे सिस्टरला माहीत होतं. डॉक्टरांनाही.

ॲडजस्ट मी जन्मभर केलं होतं. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या ताटापासून लांब उभी राहिले होते, कुणी सांगायच्या आधीच. या वेळी नाही. मी खाटेचा दांडा दोन्ही हातांनी धरला.

"पोग माट्टेन," म्हणाले. नाही जाणार. "डॉक्टरांना येऊ दे. ही नळी त्यांनी स्वतःच्या हातानं काढावी."

सिस्टर माझा निरोप घेऊन परत गेली. डॉक्टर आले नाहीत.

त्या फोननंतर म्हातारी बोललीच नाही. दुपारून तिचा श्वास फार बिघडला, व्हेंटिलेटरवर नेली. वाचली नाही. मी वाचले.

मला डिस्चार्ज मिळाला त्या दिवशी तिचे कागद न्यायला आलेला तिचा मुलगा वॉर्डाच्या दारात उभा होता. रडून डोळे सुजलेले. "तुम्ही शेजारी होतात ना? आई शेवटी काही बोलली का?"

"तुमच्याशीच बोलल्या. 'हिला इथून हलव, शिसारी येते.' ती मीच."

त्याचा चेहरा उतरला. "जाऊ द्या हो. गेलेल्या माणसाबद्दल कशाला..."

"त्या गेल्या. डॉक्टरांना फोन करणारे तुम्ही आहात ना अजून?"

तो दारातून बाजूला झाला.

मेलेल्याचं वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. मंडळाच्या हॉलमध्ये, तिच्या शोकसभेत, त्याच्यासमोर, चारचौघांत. आणि मराठीतच बोलणार.