देवसिंगच्या विहिरीतला आवाज

देवाची भांडी अर्धीच घासून झाली होती. समई चिंचेच्या कोळात बुडवली आणि विमलताईंचा हात थबकला. पुन्हा तोच आवाज! खोल, कोरड्या दगडावर रिकामी बादली आपटल्याचा. शेजारच्या देवसिंगच्या विहिरीतून येत होता.

"ऐकलं का हो?"

त्यांचे यजमान मारोतराव ओसरीत, भाव वाढायची वाट पाहत पडलेल्या कापसाच्या गंजीला टेकून बसले होते. "काय व? त्या विहिरीवर आता दोरबी नाही. देवसिंगच्या बायकोनं सोडून नेला. बादली कोन टाकीन, भूत?"

"भूतच असंन. मीच बसवलं तिथं."

विमलताई गावच्या पाणीवापर संस्थेच्या अध्यक्ष. यंदा धरण भरलं नव्हतं. पाटाच्या पाळ्या वाटायला बैठक बसली, तेव्हा त्याच म्हणाल्या होत्या, ज्याच्या शेतात विहीर, त्याला यंदा पाट नाही. सगळ्यांना तो न्यायच वाटला. देवसिंगच्या शेतात पाटाचं पाणी नेणारी चारी बंद झाली. चारी सुकली, तशी विहीर खाली खाली गेली आणि एक दिवस तळ दिसला. साऱ्या गावानं जन्मभर विहिरीचं म्हणून धरलेलं पाणी चारीतूनच झिरपत होतं.

देवसिंगची बायको जया भांडली नाही. दूरवरून हंडा आणताना अंगणापाशी थांबून एवढंच म्हणाली, "तुमची तुळस मस्त हिरवी हाय, बाई." तेव्हापासून तुळशीला पाणी घालायला गेलं की विमलताईंच्या हातातला तांब्या जड व्हायचा. जपाला बसलं तरी नामाच्या आड ती बादली खाली जात राहायची. आपटायची. पुन्हा खाली जायची.

"उद्या आपली पाळी हाय ना?" त्यांनी विचारलं. "ते पानी देवसिंगच्या चारीत सोडू."

"अन् आपला गहू?"

"दाना बारीक पडन."

"लोक हासतीन. अध्यक्षीणबाईचाच गहू वाळला म्हनतीन!"

"हासू द्या. त्यायच्या हासन्यानं माह्या जपात खंड नाही पडत."

मारोतराव कापसातली सरकी चाचपू लागले. मग मान न उचलता म्हणाले, "पाटाच्या साहेबाच्या सहीबिगर चारीचं दार उघडत नाही. अकराची एसटी गेली, त साहेब भेटत नाही."

विमलताईंनी हात धुतले, डोक्यावर पदर घेतला. पाळी देवसिंगच्या नावावर करून मागायला त्या बाभुळगावच्या पाटबंधारे कचेरीत निघाल्या.