सात नंबरची आई

आमच्या बीडमध्ये एकट्या बाईने कबड्डी बघायला जावं, तर शेजारी बसणारी पहिला प्रश्न विचारते, "कोणत्या पोरीच्या आई तुम्ही?" कुणाचीच नाही म्हटलं की पुढची दहा मिनिटं माझं कपाळ आणि गळा तपासण्यात जातात. मी लग्न केलं नाही. का केलं नाही, हे पंचावन्नाव्या वर्षी स्टेडियमच्या पायरीवर बसून सांगायची मला हौस नाही. कॉलेजात मी स्वतः चढाई करायचे, गुडघ्यावर अजून खुणा आहेत. खेळ बघायला मला दुसरं कारण लागत नाही, पण लोकांना लागतं.

म्हणून कॅमेरा. तो खरं तर भाच्याचा. त्याला कंटाळा आला तसा मोठ्या लेन्ससकट माझ्याकडे आला. गळ्यात कॅमेरा असलेल्या माणसाला कुणी एकटं समजत नाही, कामावर आहे असं समजतात. नात्यातल्या दोन लग्नांत हा प्रयोग करून झाला होता. "एकट्याच आलात?"च्या जागी "ताई, आमचा एक काढा की" ऐकून मी जेवून सुखरूप घरी आले होते.

मागच्या हिवाळ्यात स्टेडियमवर मुलींचे शालेय सामने होते. फाटकावरच्या गार्डने पिशवी उघडून बघितली आणि हात आडवा केला.

"मॅडम, कॅमेरा न्हाई चालत. फकस्त पेपरवाल्यांला अन् पालकांला."

"आणि हे सगळे मोबाईल घेऊन आत चाललेत ते?"

"मोबाईलला काय करता? त्यो इतक्या लांबून ओढत न्हाई. मागं कुणी तरी पोरींचे फोटू काढून नको तिथं टाकले. लई बोभाटा झाला."

नियम बरोबर होता. मी त्याच्या जागी असते तर मीही अडवलं असतं. पण माझ्या मागे रांग खोळंबली होती, आत पहिला सामना लागायच्या बेतात होता, आणि त्याने वहीवर पेन टेकवून विचारलंच, "पालक हायेत का तुमी? कुणाच्या आई?"

जो प्रश्न चुकवायला एवढं ओझं गळ्यात बाळगलं, तोच दारात उभा. मैदानावर आष्टीकडच्या एका शाळेच्या मुली अंग मोकळं करत होत्या. एकीच्या पाठीवर सातचा आकडा होता.

"सात नंबर," मी म्हणाले.

त्याने लिहून घेतलं. "जा मग आई, सावलीला बसा," म्हणाला. मॅडमची आई झाले. खोटं कशाला बोलू, लाज वाटायच्या आधी मला बरं वाटलं.

गॅलरीत शेजारच्या बाईने अपेक्षेप्रमाणे विचारलं. मी रुबाबात बोट केलं, "ती, सात नंबर." तिने लगेच सरकून सतरंजीवर जागा दिली, ओंजळभर बोरं दिली. माझीही भीड चेपली. "घरी धड जेवत नाही हो," मी म्हणाले. आमच्या घरी धड न जेवणारी मी एकटीच आहे.

सामना सुरू झाला. आमच्याकडे माईकवरचा माणूस खेळ कमी सांगतो आणि आलेल्यांचे मानसन्मान जास्त करतो. गार्ड भला माणूस, त्याने तिकडे निरोप पोचवला असणार. अर्ध्या खेळात भोंग्यातून आवाज आला, "सात नंबरच्या खेळाडूच्या मातोश्री लेकीचा खेळ टिपायला खास आष्टीहून कॅमेरा घेऊन आलेल्या आहेत! एकदा जोरदार टाळ्या होऊ द्या!"

सात नंबर तेव्हा चढाईवर होती. तिचा दम तिथेच तुटला. ती समोरच्यांच्या अंगणात उभी राहून गॅलरीकडे बघत राहिली. मी तिला लेन्समध्ये धरलेलंच होतं, सवयीने बोट दाबलं गेलं. पुढच्या क्षणी चौघींनी तिला मातीत आडवं केलं. बाद होऊन बाजूला बसली तरी तिची नजर एकेक पायरी शोधत होती. मी कॅमेरा मांडीवर ठेवला. उठून खाली जायला हवं होतं. गेले नाही, कारण घाबरले.

दोन गुणांनी का होईना, तिचा संघ जिंकला. नाहीतर मी ते पाप कुठे फेडलं असतं? सामना संपताच गार्डने बोट दाखवलं आणि ती पायऱ्या धावत चढून आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या दोन्ही बाजूंना, मग मागे.

"माझी आई कुठंय?"

शेजारणीचा बोराचा हात तसाच राहिला. "ती आलेली नाही बाळा," मी म्हणाले. "कॅमेरा आत सोडावा म्हणून मीच खोटं सांगितलं. माझी चूक झाली."

"कावून सांगितलं असं?" असं विचारून ती उत्तरासाठी थांबली नाही. "मला वाटलंच. आई अन् बाबा कर्नाटकात हायेत, ऊस तोडायला. मी हॉस्टेलात ऱ्हाते."

वाटलं असतं तर ती धावत आली नसती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"फोटू दावा," ती म्हणाली.

एकच होता. तोंड अर्धवट उघडं, डोळे वर गॅलरीत. ती त्याच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"ह्यो काढून टाका."

"का गं?"

"आईला बगायला मिळाला तर ती तिथं रडंल. मग तिचं कामात ध्यान लागत न्हाई."

मी तिच्यादेखत तो पुसून टाकला. मग तिने तोंडावरची माती बाहीने पुसली, टी-शर्ट खाली ओढला, ताठ उभी राहिली. "आता काढा. नंबर सांगते, ह्यो पाठवा तिला." आणि सगळे दात दाखवून हसली.

ते हसणं माझ्या ओळखीचं होतं. कुणी 'कशा आहात' विचारलं की मी तेच काढून देते. मला ते जमायला चाळिशी उलटावी लागली होती, आणि ही जेमतेम तेरा वर्षांची. मी बटण दाबलं. फोटो छान आला. तो बघून तिच्या आईला काहीच कळणार नव्हतं.