वडिलांनी न जाळलेली वही

माझ्या नावावर सगळ्यात जास्त वाचला गेलेला मजकूर मी लिहिलेला नाही. तो माझ्या पुस्तकाच्या प्रकाशकाच्या कचेरीत सोशल मीडिया सांभाळणाऱ्या बाईंनी लिहिला. माझ्या फेसबुकवरून, माझ्या फोटोखाली.

पासवर्ड मीच दिला होता. मी कशेळीच्या एका गोदामात डिस्पॅच बघते. गाड्या लावायच्या, मालाची चलनं तपासायची आणि वर रोज एक पोस्ट टाकायची, हे माझ्या वेळापत्रकात बसेना. बाई म्हणाल्या, "ताई, आम्ही टाकत जाऊ. तुम्ही फक्त लहानपणीचा संघर्ष सांगा." मी सांगितलं, वडील भिवंडीत यंत्रमागांवर जॉबर होते, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करायचे. जवळच्या आमच्या पूर्णा गावातून सायकलने जायचे. घरात वीज होती, जेवण होतं, पुस्तकं होती. संघर्ष म्हणावा असं काही नाही.

त्यांना ते पुरलं नाही. पोस्टमध्ये आलं: 'बापाने माझी कवितांची पहिली वही चुलीत टाकली. त्या राखेतून मी उभी राहिले.' मी आयुष्यात एकही कविता केलेली नाही.

मी वाचलं तोवर खाली अनोळखी लोक वडिलांना शिव्या देत होते आणि मला सलाम ठोकत होते. मी फोन लावला.

"आधी ती पोस्ट काढा."

"अहो ताई, रीच बघा ना! तुमच्या एकाही पोस्टला एवढं आलं नव्हतं."

"खोटं आहे ते."

"शब्दशः नका घेऊ. ऑथेंटिक वाटतंय लोकांना."

"वाटतंय?"

"म्हणजे, कनेक्ट होतात."

"माझे वडील जिवंत आहेत, बाई. त्यांना कोण कनेक्ट होणार?"

मग त्यांनी सांगितलं की दुसऱ्या पुस्तकाचा निर्णय व्हायचा आहे, आत्ता पोस्ट काढणं बरं दिसणार नाही. ट्रान्सपोर्टवाले निदान ओरडून धमकी देतात. मी फोन ठेवला, पासवर्ड बदलला, पोस्ट उडवली.

उशीर झाला होता. गावात देवळाच्या ओट्यावर सकाळी म्हातारी मंडळी बसतात. गावातल्या कुणाबद्दल मोबाईलवर काही आलं की एकाने ते मोठ्याने वाचायचं, कारण बाकीच्यांचे चष्मे घरी असतात. माझं पुस्तक आल्याची बातमी तिथेच वाचली गेली होती आणि वडिलांनी सगळ्यांना चहा पाजला होता. ही पोस्टही तिथेच वाचली गेली. वाचणारा माझा चुलत चुलता. वर म्हणाला, "काय रे, पोरीची वही जाळलीस? आमाला वाटलं तू निस्त्या बिड्या जाळतोस." सगळे हसले. वडील उठून घरी आले आणि पुन्हा ओट्यावर गेले नाहीत. हे मला वहिनीने कळवलं.

गावी जाताना बसमध्ये मी मनाशी क्रम लावला: आधी खुलासा, मग माफी, मग त्यांना ओट्यावर नेणं. वडील मागच्या पडवीत, शेजारच्या गोदामाच्या पत्र्याकडे तोंड करून बसले होते. मी तोंड उघडायच्या आधीच त्यांनी विचारलं,

"कंची वही होती गं?"

"वही न्हवतीच, बाबा. खोटं हाय ते. दुसऱ्याच बाईने लिवलं."

"तुज्या नावावर हाय ना पण." ते थांबले. "मला हल्ली लय गोष्टी आठवत न्हाईत. दमून यायचो. रागात टाकली असंल. तू लिवलंस म्हंजी असंल."

माझा सगळा क्रम तिथेच संपला. रीच, कनेक्ट, ऑथेंटिक या शब्दांनी एका म्हाताऱ्या माणसाला स्वतःबद्दल शंका घ्यायला लावली होती.

भिवंडीत लूम शुक्रवारी बंद असतात. आठवडाभर ज्या रस्त्याने ड्युटीला जायचे, त्याच रस्त्याने सुट्टीच्या दिवशी वडील मला कॅरियरवर बसवून वाचनालयात न्यायचे. एका कार्डावर एकच पुस्तक मिळायचं. म्हणून त्यांनी स्वतःच्या नावाचंही कार्ड काढलं. त्यावरही पुस्तक मीच घ्यायचे.

एवढंच मी लिहिलं आणि आधीची पोस्ट माझी नव्हती हे वर स्पष्ट सांगून फेसबुकवर टाकलं. फारसं कुणी फिरकलं नाही. सलाम ठोकणाऱ्यांपैकी एकाने लिहिलं, 'घरच्यांचा दबाव आला वाटतं.' दुसरीने लिहिलं, 'ताई, आधीची जास्त ऑथेंटिक होती.' प्रकाशकाकडून अजून काही कळलेलं नाही. न कळो.

दुसऱ्या दिवशी मी वडिलांना हाताला धरून ओट्यावर नेलं आणि चुलत्यापुढे मोबाईल धरला.

"काका, वाचा. त्या दिशी वाचलंत तेवढ्याच मोठ्यानं."

त्याने वाचलं. वाचून म्हणाला, "आता ह्ये तरी खरं कशावरनं?"

मी उसळून बोलणार, तेवढ्यात वडील म्हणाले, "कारड दोन होती. माजं पिवळं होतं. त्याचा कोपरा उंदरानं खाल्लेला."

पिवळं, कोपरा, उंदीर, यातलं काहीही पोस्टमध्ये नव्हतं. चहा या वेळी मी चुलत्याला मागवायला लावला.

घरी परतताना वडिलांनी माझं मनगट धरलं होतं. वळणावर थांबून हळूच म्हणाले, "पण ती वही… न्हाय ना जाळली मी?"

"न्हाय, बाबा."

दर भेटीत एकदा तरी विचारतात.