एकाच नंबरचे तेवीस अर्ज

मी मालाडला राहते, सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जण दर शनिवारी वॉर्ड ऑफिसला फुकट मदत करायला जायचो. तिथले कागदावरचे अर्ज आणि याद्या कॉम्प्युटरवर आणून द्यायचो. आई म्हणायची, "आठवडाभर तेच करतेस, सुट्टीला पण तेच?" पण मला शनिवारचं कामच जास्त खरं वाटायचं.

त्या वर्षी बायकांना शिलाई मशीन द्यायची योजना होती. अर्जांचा डोंगर झाला होता. काही जणींनी दोन-दोनदा अर्ज भरले होते. तिथले साहेब वैतागून म्हणाले, "मॅडम, डबल अर्ज तेवढे काढून द्या, बाकी आम्ही बघतो."

नावांवरून काही कळत नव्हतं. एकाच बाईचं नाव तीन अर्जांवर तीन तऱ्हांनी लिहिलेलं. मग मी मोबाइल नंबर धरला. एक नंबर, एक बाई. नंबर पुन्हा आला की तो अर्ज बाद.

माझ्या शेजारी बसलेला मित्र म्हणाला, "अगं, घरात एकच फोन असला तर?"

"अशा किती असतील रे? साहेब बघतील ना."

दहा मिनिटांत प्रोग्राम लिहून झाला. साहेब इतके खूश झाले की आमच्यासाठी चहा मागवला.

यादी लागल्यावरच्या एका शनिवारी एक बाई ऑफिसात आल्या. चाळिशीच्या, हातात प्लास्टिकची फाइल. दिंडोशीकडच्या टेकडीवरच्या वस्तीत त्या बालवाडी चालवायच्या. साहेबांसमोर उभ्या राहून म्हणाल्या, "साहेब, माझं नाव यादीतून काढा."

साहेब हसले. "लोक नाव घालायला येतात हो इथे."

"आमच्या गल्लीतले तेवीस फॉर्म मी भरून दिले. यादीत नाव एकटीचं, माझं. बायका म्हणतात, बाईंनी आमचे फॉर्म दाबले."

मी बाजूच्याच टेबलावर होते. विचारलं, "फॉर्मवर मोबाइल नंबर कोणाचा टाकला होता?"

"माझाच. कुणाचा फोन नवऱ्याकडे, कुणाचा रिचार्ज संपलेला. म्हटलं, ऑफिसातून फोन आला तर मी निरोप देईन."

मी बाद अर्जांची यादी उघडली. त्यांचा नंबर एकाखाली एक, बावीस वेळा.

मी साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "यादी वरून मंजूर होऊन आलीय. आता हात लावता येत नाही." मित्र हळूच म्हणाला, "बग आहे, फिक्स करू. एवढं लावून घेऊ नकोस यार."

मी बाईंकडे वळले. "चूक माझी आहे."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "मग ते मला सांगून काय उपयोग? गल्लीत येऊन सांगा."

दुसऱ्या दिवशी गेले. बालवाडी बुद्धविहाराच्या हॉलमध्ये भरायची. पंधरा-वीस बायका जमल्या होत्या. मी शक्य तेवढ्या सोप्या शब्दांत सांगितलं, की कॉम्प्युटरला तेवीस बायका एकच वाटल्या, यात बाईंचा काही दोष नाही.

दारात उभी असलेली एक म्हणाली, "मग कॉम्प्युटरने नेमका बाईंचाच फॉर्म कसा ठेवला?"

"त्यांचा गठ्ठ्यात सगळ्यात पहिला होता."

खरं होतं, पण बोलून गेले आणि जीभ चावली.

"ऐकलं का? स्वतःचा सगळ्यात पहिला ठेवला!"

गलका झाला. बाई पुढे होऊन म्हणाल्या, "कसा भरायचा ते तुम्हाला दाखवायला मी आधी माझा भरला. विसरलात?"

एक म्हातारी आजी म्हणाली, "खरंय. माझ्यासमोर भरला." दोघी-तिघींनी मान हलवली. बाकीच्या निघून गेल्या.

बाई पायऱ्यांपर्यंत मला सोडायला आल्या. "तुम्ही आलात, बरं झालं. पण ताई, तुम्ही आता घरी जाल. मला उद्या सकाळी ह्यांचीच पोरं सांभाळायचीत. नऊ जण यायचे बंद झालेत."

पुढचे तीन-चार महिने मी ऑफिसात खेटे घातले. कधी साहेब मीटिंगला, कधी फाइल वर गेलेली. शेवटी पुरवणी यादी निघाली आणि बावीसपैकी पंधरा जणींची नावं लागली. सात जणींची का नाही, ते कोणीच सांगू शकलं नाही. बाईंनी स्वतःचं मशीन लेखी अर्ज देऊन आधीच नाकारलं होतं.

मी आनंदाने त्यांना फोन केला. त्यांना बातमी आधीच कळली होती. अर्जांवर नंबर त्यांचाच असल्यामुळे पंधराही मेसेज त्यांच्या फोनवर गेले होते, आणि त्या घरोघर जाऊन सांगून आल्या होत्या. दोन घरांनी दार उघडलं नाही. तिथे चिठ्ठी दाराखालून सरकवली.

"पोरं आली का परत?"

"पाच आली."

"पुढच्या वर्षी तुम्ही पण अर्ज करा ना. मी स्वतः लक्ष घालीन."

"नको," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "परवा आधार कार्डाचा फॉर्म घेऊन एक जण आली होती. तिलाही नाही म्हटलं. मी आता कुणाचे फॉर्म भरत नाही, ताई."