हौसेरावांचा मंदावलेला कॉम्प्युटर

रशीद मुकादमने नेरूळला दुकान टाकलं, तेव्हा घरात कॉम्प्युटर आला की लोक नारळ फोडायचे. मॉनिटरला शिंप्याकडून खोळ शिवून घ्यायचे. शेजारीपाजारी चपला बाहेर काढून आत यायचे आणि पडदा उजळला की देवळात बोलावं तसं हळू बोलायचे. त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. आता दुकानात कामं येतात ती बहुतेक सीसीटीव्हीची. कुणी घरचा कॉम्प्युटर बघायला बोलावलं, की रशीदला मनातून बरं वाटतं.

म्हणून उलव्याहून स्मिता मढवीचा फोन आला, तेव्हा तो त्याच दुपारी स्कूटर काढून निघाला.

"भाई, चालू व्हायलाच दहा मिनिटं घेतो," दार उघडता उघडताच स्मिता म्हणाली. "हे म्हणतात, फेकून देऊ, नवीन लॅपटॉप घेऊ. पण आमच्या आई हात लावू देत नाहीत."

कॉम्प्युटरचं कॅबिनेट बघताच रशीदने ओळखलं. त्यानेच जोडलेलं होतं. पण या फ्लॅटमध्ये नव्हे. खाडीकाठच्या जुन्या गावात, स्मिताचे सासरे हौसेराव यांच्या घरी. त्या दिवशी अख्खी आळी ओटीवर जमली होती आणि हौसेरावांनी माऊस असा धरला होता, जणू चिमणीचं पिल्लू. पुढे विमानतळासाठी ते गाव उठलं, घरं पाडली गेली, माणसं चार दिशांना गेली. दोन वर्षांपूर्वी हौसेरावही गेले.

त्यांची बायको गिरजाबाई शेजारी खुर्ची ओढून बसली.

"रशीद, मना फकस्त यांचे फोटू बगायचे हायत. गाव सोरायच्या आदी यांनी घरोघर जाऊन कारलेले. यो उगराया बसला का माजा डोला लागतो, पन फोटू येत नाय."

रशीद कामाला लागला. चालू होताना आपोआप उघडणारे बारा-चौदा प्रोग्रॅम नातवाच्या खेळांचे होते, ते बंद केले. कॅबिनेट उघडलं तर पंख्यावर गोधडीसारखी धूळ. ब्रशने काढली, रॅम पुसून परत बसवली. कॉम्प्युटर जरा हलका झाला. पण फोटोंचं फोल्डर उघडलं, की पुन्हा जागच्या जागी बसायचा. रशीदने कान कॅबिनेटजवळ नेला. आतून बारीक टिकटिक येत होती. त्याने झटकन बंद केला.

"काय झाला?" गिरजाबाईंनी विचारलं.

"काकी, हार्ड डिस्क जायला आलीये. सगळे फोटो तिच्यावरच आहेत. आधी ते दुसरीकडे उतरवून घेतो, मग नवीन डिस्क टाकू."

"येक तरी दाव. आमच्या घराचा."

रशीदच्या तोंडावर 'हो' आलं होतं. त्याने ते गिळलं. "एकाच्या नादात बाकीचे जातील, काकी. आता नको."

गिरजाबाई उठून आत गेल्या. स्मिताने त्याला चहा दिला, तो त्याला गोड लागला नाही. डिस्क रुमालात गुंडाळून त्याने छातीशी, शर्टाच्या आत ठेवली आणि खड्डे चुकवत नेरूळ गाठलं.

फोटो उतरवायला अडीच दिवस लागले. मधेच डिस्क अडायची, पुन्हा सुरू व्हायची. रशीद दुसरी कामं सोडून तिच्यासमोर बसून राहिला. त्याने एकही फोटो उघडून पाहिला नाही. आधी काकींनी बघायचे, असं त्याने ठरवून टाकलं होतं.

चौथ्या दिवशी उलव्याला जाऊन त्याने नवीन डिस्क बसवली आणि बटण दाबलं. पाणी पिऊन होईपर्यंत पडदा तयार!

"तेवीस फोटो नाही वाचले, काकी," त्याने आधीच सांगून टाकलं. "बाकी चारशेच्या वर आहेत."

पहिला फोटो आला. निळ्या दाराचं घर, दारात लुगड्याचा पदर सावरत उभी असलेली म्हातारी.

"ही गोजरा!" गिरजाबाई पुढे सरकल्या. "आन ह्यो तिचा कोंबरा, फोटूत आला बग."

मग घरामागून घर. फोटो झरझर येत होते आणि गिरजाबाईच सांगत होत्या, "थांब, थांब." शेवग्याखालचं त्यांचं स्वतःचं घर, मिठागराकडे जाणारी वाट, वाळत टाकलेली जाळी. हौसेराव मात्र कुठेच नव्हते. कॅमेरा त्यांच्याच हातात ना! पण निम्म्या फोटोंच्या कोपऱ्यात एक गुलाबी डाग होता.

"हे काय आलंय, खराब झालेत का?" स्मिताने विचारलं.

गिरजाबाई मोठ्याने हसल्या. "आगो, ह्यो यांचा आंगठा! किती येला सांगला, आंगठा बाजूला ठेवा." हसता हसता त्यांनी डोळ्यांना पदर लावला. रशीद उगाच वायर सरळ करत बसला.

संध्याकाळी स्मिताचा नवरा जोतीराम द्रोणागिरीच्या गोदामातून ड्यूटी संपवून आला. लॅपटॉपचा विषय त्याने काढला नाही. वही घेऊन तो आईशेजारी बसला आणि कुठलं घर कुणाचं ते लिहू लागला. ज्या घरांचे फोटो वाचले नव्हते, त्यांचीही नावं गिरजाबाईंनी आळीच्या क्रमाने, एकही न चुकता सांगितली.

पुढच्या रविवारी स्मिताचा पुन्हा फोन आला. रशीदला वाटलं, बिघडला.

"नाही हो भाई, छान चालतोय. जुन्या आळीतले सगळे आलेत फोटो बघायला. हॉलमध्ये जागा नाही. आई म्हणतात, रशीदलाही बोलव, तांदळाच्या भाकऱ्या टाकल्यात."

रशीदने दुकानाचं शटर अर्ध्यावर आणलं आणि स्कूटरची चावी घेतली.