आज टोळी कोणाच्या बांधीत?

रोवणीचं काम असं, की कंबर वाकलेली, हात चिखलात आणि डोळे परह्यावर, म्हणजे धानाच्या रोपांवर. मोकळी राहते ती जीभ एकटी! म्हणून आमच्या बायांच्या टोळीत किस्से साचत जातात. रेखाच्या कोर्टाचे तर इतके साचले, की काही विचारू नका. तालुक्याला गेलो होतो आम्ही पाच-सहा जणी, पण आता सांगायला बसलं की अख्खी टोळी तिथं हजर होती! आमची कौसल्या त्या दिवशी घरी तापानं फणफणत होती, तरी ती न्यायाधीश मॅडमच्या कानातलं कसं होतं ते सांगते.

मी टोळीची म्होरकी. मी मात्र खरंच सगळीकडे होते. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण हे कोर्ट नावाचं काम चालतं तरी कसं, ते मला डोळ्यांनी पाहायचं होतं. म्हणून माझं खरं धरा.

*

सुरुवात नीळकंठभाऊच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात झाली.

रेखाचा नवरा दिलीप तिला मारायचा. शेवटी ती शेजारच्या टोलीवर, म्हणजे छोट्या वस्तीवर, आईकडे निघून आली. तिथं दोन धिप्पाड भाऊ, त्यामुळे दिलीपची तिकडं यायची हिंमत नव्हती. बांधीत कुठे होते भाऊ? रोवणी चालू असताना तो सरळ आत घुसला आणि तिचे केस धरून तिला चिखलातून ओढायला लागला. आम्ही परह्याच्या जुड्या घेऊन त्याच्यावर तुटून पडलो. चिखलानं भरलेली जुडी तोंडावर बसली की काय आवाज येतो, ते त्याला विचारा!

तो पळाला. नीळकंठभाऊ बोंबलत आला, "माहे परे तुडवले ना वो बाई!"

मी म्हटलं, "बाई तुडवली थे नाई दिसलं तुले? परे दिसले!"

"मले थे काई मालूम नाई. उद्यापासून थिले आनू नोको, नाई तं टोळीच नोको. आन आता लवकर आटपा!"

'लवकर आटपा.' शेतमालक हे दोन शब्द आईच्या पोटातूनच शिकून येतात. वीस बांध्या असोत की दोन, दिवसभर धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, उभं राहून तेच.

पण माझ्या डोक्यात दुसरंच फिरत होतं. रेखाचं काम सुटलं, तर भावजया तिला किती दिवस ठेवतील? तिला परत त्याच घरात जावं लागलं असतं. आणि तो जिथं-तिथं येऊन तमाशा करणार असेल, तर तिला कामावर कोण घेणार?

*

ठाण्यात गेलो. तिथला माणूस म्हणाला, "घरची बाब आहे बाई, घरात मिटवा."

मी म्हटलं, "घरची होती, तं बांधीत कायले आली?"

त्याला हसू आलं. मग त्यानंच सांगितलं, की यासाठी संरक्षण अधिकारी असतात, त्यांच्याकडे जा, फुकट आहे.

त्या अधिकारी मॅडम चांगल्या होत्या. रेखाला विचारत होत्या, कधी मारलं, कुठं मारलं, कशानं मारलं. रेखाला तारखा कुठल्या आठवायच्या? तर मागून कौसल्या म्हणाली, "हात मोडला थे चना सोंगाच्या दिवसात." (मॅडमकडे ती खरंच आली होती, बरं का.) दुसरी म्हणाली, "कान फुटला थे मंडईच्या जत्रेच्या दुसऱ्या दिवशी." तिसरी म्हणाली, "मंडईच्या नाई वं, मंडईच्या आंदी!" झालं, दोघींचं तिथंच भांडण! मॅडम दोघींकडे बघत भराभरा लिहीत होत्या.

शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्हाला सगळ्यांना एवढं माहीत होतं?"

रेखा आमच्याकडे वळून बघायला लागली. म्हणाली, "मले वाटे, मले एकटीलेच मालूम हाये."

बाहेर येऊन आम्ही चहा घेतला. रेखाच्या चहाचे पैसे भांडणाऱ्या दोघींनी मिळून दिले.

*

सरकारनं रेखाला वकील दिली. पोरगीच होती, पण तोंडानं तेज. मी तिला विचारलं, "पिंजरा कोठी हाये? दिलीपले उभा कराचा थो?"

ती म्हणाली, "मावशी, हे तुरुंगाचं प्रकरण नाही. आधी कोर्ट त्याला आदेश देणार, की मारायचं नाही, तिच्या कामाच्या जागी जायचं नाही. त्यानं तो मोडला, तर मग गुन्हा."

"म्हंजे पयले त्याले फक्त सांगाचं, का मारू नोको?"

"हो."

"थे तं आमीबी सांगतलं होतं!"

"तुम्ही सांगितलं तेव्हा शिक्का मारला होता का?"

जुडी मारली होती, शिक्का नव्हता मारला.

*

कोर्टाच्या व्हरांड्यात दोन बाकडी. एकावर आम्ही, समोरच्यावर दिलीप आणि त्याची आई, जनाबाई. म्हातारी विधवा, कधी मोठ्यानं बोललेली कोणी ऐकली नाही. दर तारखेला पोरगा तिला सोबत आणायचा, आणि ती डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसायची. मला वाटायचं, सुनेविरुद्ध साक्ष द्यायला आणत असेल.

एकदा तो चहा आणायला गेला. तशी म्हातारी उठली, सरळ आमच्या बाकड्यावर येऊन टेकली आणि वकिलीणबाईंना हळूच म्हणाली, "बाई, हा कागद फक्त सुनांलेच भेटते का?"

वकिलीणबाई तोंड उघडणार, तेवढ्यात दिलीप चहा घेऊन आला. म्हातारी आपल्या बाकड्यावर! रोवताना इतक्या चपळाईनं तर आमची कौसल्याही सरकत नाही.

*

आता कोर्टातली मोठी गंमत. न्यायाधीश मॅडमनी विचारलं, "अर्जदाराची कामाची जागा कोणती?"

रेखा म्हणाली, "काल तलावाखालच्या बांधीत."

"म्हणजे तीच जागा?"

"नाई जी. उद्या आसगावकडे. परवाचं मावशीले मालूम."

मॅडमचं पेन थांबलं. दिलीपचा वकील टपूनच होता. तो म्हणाला, "मॅडम, मग काय सगळ्या तालुक्यातल्या शेतांत माझ्या अशिलाला बंदी समजायची? तो शेतकरी माणूस आहे. त्यानं चंद्रावर शेती करावी काय?"

लोक हसले. मला असा राग आला, की वकिलाच्या कोटावर एक जुडी हवी होती. पण रेखा हसणाऱ्यांकडे न बघता म्हणाली, "मॅडम, माही जागा रोज बदलते. टोळी नाई बदलत."

मॅडम लगेच टाइप करणाऱ्याला सांगत गेल्या. वकिलीणबाईंनी आम्हाला नंतर अर्थ सांगितला: रेखा टोळीसोबत ज्या दिवशी ज्या शेतात काम करत असेल, ते शेत आणि त्याचा धुरा ही त्या दिवसापुरती तिची कामाची जागा. दिलीपनं तिथं पाय ठेवायचा नाही.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "मॅडमले धुरा कसा मालूम?"

वकिलीणबाई म्हणाल्या, "धुऱ्याच्या भांडणांतच तर आमचं अर्धं कोर्ट चालतं, मावशी!"

*

पुढच्या रोवणीला दुसरी टोळी मिळेना, म्हणून नीळकंठभाऊनं तोंड वाकडं करत आम्हालाच सांगितलं. दुपारी बघतो तर दिलीप धुऱ्यावर उभा!

मी फोन काढला. "ठान्यात लावू?"

तो म्हणाला, "लावा. मी कोठी शेतात हावो? आन हा धुरा नीळकंठभाऊचा नाई, बाजूवाल्याचा हाये."

आता त्या धुऱ्याची गोष्ट अशी, की नीळकंठभाऊ आणि बाजूवाला दोघंही 'माझा, माझा' करत म्हातारे झाले. मोजणी झाली, कुऱ्हाडी निघाल्या, पोरांची लग्नं एकमेकांना न बोलावता झाली. बाजूवाला पलीकडे रोवणीसाठी परे उपटत होता. पोलिसांचं नाव ऐकलं आणि तो तिथूनच ओरडला, "नाई बाप्पा! धुरा नीळकंठचाच! आजचा नाई, बापजाद्यापासून!"

नीळकंठभाऊचं तोंड उघडं ते उघडंच. दिलीप खाली उतरला आणि गेला.

संध्याकाळी नीळकंठभाऊ सगळ्यांसाठी चहा घेऊन आला. त्याच्या हातचा चहा आम्ही जन्मात प्यायलो नव्हतो. माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "बाई, उद्या रेखाले आनजो. नक्की आनजो. पलीकडच्या धुऱ्याचाबी लफडा हाये."

*

त्यानंतर दिलीपचा मला सकाळी फोन यायला लागला. "काकू, आज टोळी कोनाच्या बांधीत हाये?"

"कायले पायजे तुले?"

"चुकून पाय पडला तं अंदर जाची पाळी येईल ना!"

मी काय त्याला पत्ता सांगते? म्हटलं, "बाया वाकलेल्या दिसल्या, का मांगं फिरजो." अजूनही तो मधूनमधून विचारतो. माझं उत्तर तेच.

*

आणि ही या रोवणीची गोष्ट.

जनाबाई माझ्या दारात आली. परे मोठे झाले होते, तिची रोवणी बाकी होती. सातबारा तिच्या नावावर, कसतो दिलीप.

मी म्हटलं, "जनाबाई, टोळीत रेखा हाये."

"मालूम हाये मले. सगळी टोळी पायजे. एकबी बाई कमी नोको."

"बरं. गुत्ता घेऊ?" गुत्ता म्हणजे अख्ख्या शेताचे ठरलेले पैसे; मग बाया काम झटपट उरकतात, रोजीत तेच लांबतं. सगळे शेतवाले गुत्ताच मागतात.

"गुत्ता नोको. रोजीनं लावा."

मी रेखाला विचारलं, जाशील काय? ती पाय धूत होती. म्हणाली, "मावशी, आदेशात मले मनाई हाये का त्या शेतात?"

"नाई."

"मंग चला."

आम्ही पोचलो तेव्हा दिलीप बांधीत होता, गुडघाभर चिखलात, जुड्या फेकत. त्याला आईनं काहीच सांगितलेलं नसावं. रेखानं धुऱ्यावर चप्पल काढली, साडी खोचली. तो तिच्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो. मी फोन हातात घेतला.

जनाबाई धुऱ्यावरूनच म्हणाली, "दिलीप, टोळी आली."

बस, एवढंच. हातातली जुडी तिथंच टाकून तो आपल्याच शेतातून बाहेर निघाला. डांबरी रस्त्यापलीकडे मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिला, चिखलासकट. रेखानं पहिल्या कोपऱ्यात पहिला परा रोवला.

दुपारी आम्ही शिदोऱ्या सोडल्या. तो तिकडून ओरडला, "माय, माहं जेवन?" म्हातारीनं मान वळवली नाही. आमच्या प्रत्येकीच्या भातावर तिनं भाजी वाढली, रेखाच्या भातावरही.

दुपारनंतर आमचे हात भराभर चालले. मनात एकच, लवकर उरकून पोरीला इथून न्यावं. जनाबाई धुऱ्यावर पाय लांब करून बसली होती. डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता, तो तिनं सावरला नाही. आमचे हात तिनं थोडा वेळ पाहिले, आणि मग सगळ्या बांधीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "घाई नोका करू वं बाया हो! आरामानं लावा. आन उद्याबी या!"